विजेच्या तारांतून घरातील संदेशवहन : गृहस्वयंचलनात पॉवरलाइन अडॅप्टरचे स्थान

घरातील दिवे, पंखे, कॅमेरे, कुलपे आणि संवेदक यांना एका सूत्रात बांधणारी गृहस्वयंचलन यंत्रणा बहुधा अडते ती संदेश पोहोचण्यापाशी. राउटर दिवाणखान्यात, कॅमेरा गच्चीवर आणि मध्ये काँक्रीटचे दोन स्लॅब किंवा जुन्या घराची जाड भिंत, अशा रचनेत वाय-फायचा संकेत वाटेतच क्षीण होतो. नवी केबल टाकायची तर भिंती फोडाव्या लागतात आणि भाड्याच्या घरात तीही सोय नसते. अशा ठिकाणी आधीपासून असलेल्या विजेच्या तारांतूनच संगणकीय माहिती वाहून नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर उपयोगी पडते. मात्र ते बसवणे आणि ते स्वयंचलन यंत्रणेत सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट केली नाही, तर घरातील सर्वांत महत्त्वाचा दुवा केव्हा तुटला, हे घरमालकाला चोरी झाल्यावर किंवा गळती झाल्यावरच कळण्याची शक्यता राहते.

या तंत्राची मूळ कल्पना सोपी आहे. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने आणि सेकंदाला ५० आवर्तनांनी वाहते. त्याच तारेवर लाखो पट अधिक कंप्रतेचा दुर्बळ संकेत चढवला, तर दोन्ही प्रवाह एकत्र वाहू शकतात आणि पलीकडच्या टोकाला गाळणीने ते वेगळे करता येतात. घराच्या मापाबाहेर ही कल्पना जुनीच आहे. उच्चदाबाच्या पारेषण वाहिन्यांवरून दूरध्वनी संभाषण आणि संरक्षण यंत्रणेचे संकेत पाठवण्याची पद्धत देशातील वीज कंपन्या अनेक दशके वापरत आल्या आहेत. उपकेंद्रातील वाहिनीवर नळकांड्याच्या आकाराचे जे मोठे वेटोळे दिसते, त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. संदेशाचा संकेत उपकेंद्राच्या इतर यंत्रसामग्रीत शिरू न देणे, हे त्याचे काम.

घरगुती वापराचा प्रारंभ स्कॉटलंडमधील ग्लेनरोथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केलेल्या एक्स-१० या पद्धतीपासून मानला जातो. तीत १२० किलोहर्ट्झचा संकेत विजेच्या लहरीच्या शून्यबिंदूपाशी पाठवला जाई. सोळा घर-संकेतांक आणि प्रत्येकी सोळा उपकरण-संकेतांक, असे २५६ पत्ते उपलब्ध होते. एक आदेश पोहोचण्यास जवळपास एक सेकंद लागे. तिची खरी उणीव वेगाची नव्हती. मूळ पद्धतीत दिव्याकडून पोच येत नसे. आदेश सुटला एवढेच नियंत्रकाला ठाऊक असे. दिवा लागला की नाही, हे पाहण्यासाठी माणसालाच खोलीत जावे लागे.

पुढे २००० मध्ये स्थापन झालेल्या होमप्लग संघटनेने वेगवान माहितीवहनाची मानके आणली. २००१ च्या पहिल्या मानकाचा वेग सेकंदाला १४ मेगाबिट होता, तर २००५ च्या होमप्लग एव्ही या मानकाचा २०० मेगाबिट. यात सुमारे २ ते २८ मेगाहर्ट्झचा पट्टा शेकडो लहान वाहकांत विभागला जातो आणि ज्या वाहकावर गोंगाट अधिक, त्यावर कमी माहिती लादली जाते. हौशी रेडिओ चालकांच्या कंप्रता मात्र मुद्दाम रिकाम्या सोडल्या जातात, कारण विजेची उघडी तार ही एक प्रकारची ॲन्टेनाच असते. २०१० मध्ये आयईईई १९०१ हे मानक संमत झाले. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जी.एचएन हे स्वतंत्र मानक दिले. ग्राहकाच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा भाग एवढाच, की होमप्लग आणि जी.एचएन या दोन कुळांतील अडॅप्टर एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मालिकांतही हा भेद असू शकतो. जुन्या जोडीत नवे अडॅप्टर मिसळण्यापूर्वी खोक्यावरील मानकाचे नाव वाचणे म्हणूनच आवश्यक ठरते. (याच होमप्लग कुळातील ग्रीन फाय नावाची कमी ऊर्जा वापरणारी शाखा आज सीसीएस पद्धतीच्या जलद चार्जिंगमध्ये वीजगाडी आणि चार्जर यांच्यातील संवादासाठी वापरली जाते.)

पॉवरलाइन अडॅप्टर म्हणजे स्मार्ट प्लग नव्हे. त्याला जोडलेला पंखा ते चालू-बंद करत नाही. ते केवळ इथरनेट केबलचे काम करते : एक अडॅप्टर राउटरजवळ, दुसरे दूरच्या खोलीत आणि त्याला जोडलेला कॅमेरा, वाय-फाय बिंदू किंवा झिगबीसारख्या संवेदकांचा हब. प्रत्येक दिव्यासाठी एक अडॅप्टर ही कल्पना महागडी आणि निरर्थक आहे. तार हबपर्यंत पोहोचवावी आणि हबपासून पुढचे अंतर कमी शक्तीच्या रेडिओवर सोडावे, ही विभागणी व्यवहारात टिकते.

अडॅप्टर यंत्रणेत सामावून घेणे म्हणजे काय, याचे चांगले उदाहरण जर्मनीतील आखेन येथील डेव्होलो कंपनीच्या उपकरणांत आढळते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या होम असिस्टंट या मुक्तस्रोत प्रणालीत या अडॅप्टरांसाठी स्वतंत्र जोडणी उपलब्ध आहे. अडॅप्टर घरच्या जाळ्यावर आपले अस्तित्व स्वतःहून घोषित करते, प्रणाली त्याला ओळखते आणि उपकरणाला संकेतशब्द असल्यास तो विचारते. सारा संवाद घराच्या आत होतो. कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जावे लागत नाही. त्यानंतर तारेवर किती अडॅप्टर जोडलेले आहेत, दोन अडॅप्टरांमधील जाण्याचा व येण्याचा वेग किती, वाय-फायवर कोणकोणती उपकरणे आहेत, हे नियंत्रण फलकावर दिसू लागते. अडॅप्टर पुन्हा सुरू करणे, नव्या अडॅप्टरशी जोडी जुळवणे, पाहुण्यांचे वाय-फाय चालू-बंद करणे या क्रियाही प्रणालीतून करता येतात. उपकरणाच्या प्रकारानुसार यांपैकी काही सोयी कमी-अधिक असतात.

घराच्या आतच चालणारा हा संवाद किती मोलाचा, याचा धडा अमेरिकेत २०२२ च्या एप्रिलमध्ये मिळाला. विजेची तार आणि रेडिओ असा दुहेरी मार्ग वापरणाऱ्या इन्स्टिऑन या गृहस्वयंचलन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद झाले. ॲपवर विसंबलेल्या ग्राहकांचे नियंत्रण एका रात्रीत गेले. ज्यांची उपकरणे परस्परांशी थेट जोडलेली होती किंवा ज्यांनी स्थानिक प्रणाली वापरली होती, त्यांचे दिवे मात्र लागत राहिले.

नियंत्रण फलकावर दिसणाऱ्या आकड्यांपैकी वेगाचा आकडा सर्वांत बोलका असतो, पण तो खोक्यावरील आकड्याशी ताडून पाहू नये. खोक्यावरचा १२०० किंवा २४०० हा आदर्श तारेवरचा सैद्धांतिक वेग असतो. प्रत्यक्षात हाती येणारा वेग त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी असतो आणि एका तारेवरील सर्व अडॅप्टरना तो वाटून घ्यावा लागतो. ५०० किंवा ६०० मेगाबिटचे म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक अडॅप्टरांचे इथरनेट छिद्र तर केवळ १०० मेगाबिटचे असते. दरवाजाचा संवेदक किंवा तापमापक यांना याची फिकीर नाही. त्यांचे संदेश काही अक्षरांचे असतात. वेगाचा प्रश्न येतो तो कॅमेऱ्यांमुळे. स्वयंचलनासाठी खरी मोलाची गोष्ट म्हणजे वेगातील चढउतार. वेगाची नोंद दिवसभर ठेवली, की घराचे विद्युत चरित्रच उलगडते. सकाळी मिक्सर फिरला की आलेख खाली येतो, कारण त्याच्या मोटारीतील ब्रशवर उडणाऱ्या ठिणग्या तारेवर गोंगाट करतात. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हलक्या प्रतीचे मोबाइल चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवे हेही नेहमीचे अपराधी आहेत. एखाद्या सायंकाळपासून वेग कायमचा घसरला, तर त्या दिवशी घरात कोणते नवे उपकरण आले, हा पहिला प्रश्न विचारावा.

इशारा लावताना मात्र घाई नको. जोडलेले उपकरण बंद असले, की अनेक अडॅप्टर वीज वाचवण्यासाठी निद्रावस्थेत जातात आणि प्रणालीला ते संपर्काबाहेर गेल्यासारखे दिसतात. वेग ठरावीक मर्यादेखाली काही मिनिटे सलग राहिला किंवा सतत चालू असणाऱ्या हबचे अडॅप्टर दिसेनासे झाले, तरच सूचना पाठवावी. अन्यथा दिवसातून दहा वेळा येणाऱ्या सूचना लोक बंदच करून टाकतात आणि अकराव्या वेळी खरा बिघाड असतो.

भारतीय घरांच्या वायरिंगचे काही विशेष लक्षात घ्यावे लागतात. मोठ्या घरांत त्रिफेज जोडणी असेल, तर दोन अडॅप्टर वेगवेगळ्या फेजवर येण्याची शक्यता असते. संकेत एका फेजवरून दुसऱ्यावर काही प्रमाणात झिरपतो, परंतु बराच क्षीण होऊन. स्पाइक गार्डमध्ये अडॅप्टर खोचणे ही सर्रास आढळणारी चूक. विजेतील उसळी अडवणारे घटक संकेतही गिळतात. अडॅप्टर थेट भिंतीवरील सॉकेटमध्येच असावे आणि जवळची इतर उपकरणे शक्यतो त्याच्या स्वतःच्या गाळणीयुक्त सॉकेटमधून चालवावीत. नव्या पिढीतील अनेक अडॅप्टर फेज आणि न्यूट्रलच्या जोडीला अर्थिंगची तारही संदेशवहनासाठी वापरतात. अर्थिंग नावालाच असलेल्या घरात हा लाभ मिळत नाही. परदेशी अडॅप्टरचा प्लग येथील गोल पिनांच्या सॉकेटशी जुळत नसेल, तर ढिला कन्व्हर्टर वापरण्यापेक्षा ते उपकरण न घेणे बरे.

सदनिकांमध्ये आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. वीज मीटर म्हणजे संकेतापुढील भिंत नव्हे. शेजारच्या घराची तार एकाच मीटर पॅनेलपर्यंत येत असेल, तर संकेत पलीकडे पोहोचू शकतो. अडॅप्टरमधील माहिती १२८ बिट किल्लीने कूटबद्ध असते हे खरे. परंतु कारखान्यातून येणारी मूळ किल्ली सर्वत्र सारखी असेल, तर त्या कुलपाला अर्थ राहत नाही. जोडणीचे बटण दाबून किंवा प्रणालीतून नवी किल्ली तयार करणे, हे बसवण्याच्या दिवशीचेच काम आहे.

सर्वांत मोठी परीक्षा वीज गेल्यावर होते. घरात इन्व्हर्टर असला, तरी सारे सॉकेट त्यावर नसतात. राउटर इन्व्हर्टरवर आणि जिन्याजवळचे अडॅप्टर साध्या वाहिनीवर असेल, तर वीज जाताच कॅमेरा आणि हब गप्प होतात. नेमक्या अंधाराच्या वेळी. दोन्ही अडॅप्टर, राउटर, फायबरचा मोडेम आणि नियंत्रक ही सर्व उपकरणे इन्व्हर्टरच्याच वाहिनीवर असणे हा यावरील उपाय, पण तोही पडताळून पाहावा लागतो. चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर तारेतील गोंगाट वाढतो आणि वीज असताना उत्तम चालणारा दुवा इन्व्हर्टरवर अडखळू शकतो. इन्व्हर्टर चालू ठेवून मुख्य स्विच अर्धा तास बंद करावा आणि त्या अवधीत वेगाची नोंद पाहावी. एवढ्याने चित्र स्पष्ट होते. गॅसगळती आणि धूर यांचे इशारे देणारी उपकरणे मात्र कोणत्याही दुव्यावर विसंबून ठेवू नयेत. त्यांचा भोंगा त्यांच्या स्वतःच्या बॅटरीवर, त्याच खोलीत वाजला पाहिजे.