गोवर्धन आहारांतील उद्योग व शेती

एखाद्या प्रांताच्या सांपत्तिक स्थितीचा विचार करूं लागलें म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम सनदांकडे व महजरांकडे वळते. कोष्ट्याची वही अगर तेल्याचें खातें बाजूस पडतें. ही चाल घातक आहे, हें नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखांवरून दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

नाशिकचा परिसर त्या काळीं गोवर्धन आहारांत मोडे. दहाव्या लेण्यांत नहपानाचा जामात उषवदात यानें ४२ व्या वर्षीं ठेविलेल्या ३००० कार्षापणांच्या अक्षयनीवीचा लेख आहे. ही रक्कम त्यानें राजभांडारांत न ठेवितां गोवर्धनांतील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली: एकीकडे २००० शेंकडा एक दरानें, दुसरीकडे १००० शेंकडा पाऊण दरानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याज तेवढें उपभोगावयाचें. हा दर मासिक कीं वार्षिक? उत्तर लेखांतील हिशेबच देतो. वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण द्यावयाचे, म्हणजे एकूण २४०. दोन हजारांवर दरमहा २० धरल्यास वर्षाचे नेमके २४० होतात. तेव्हां दर मासिक होता, याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. राजाच्या जांवयानें कायमची ठेव ज्यांच्या हवालीं करावी, त्या विणकरांची पत केवढी असेल!

पुढें आभीर राजा ईश्वरसेन याच्या वेळच्या लेखांत रुग्ण भिक्षूंच्या औषधासाठीं ठेवी आहेत. त्या कुंभार, जलयंत्रें करणारे व तेली यांच्या श्रेणींकडे आहेत. तेल्यांस तेथें ‘तिलपिषक’ म्हटलें आहे. अर्थात् त्यांच्या घाण्यामागें तिळाचें पीक उभें आहे. जुन्नरच्या लेण्यांत तर धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनेंच सात खोल्यांचें लेणें व पाण्याची टाकी दान केली आहे.

शेतीची दुसरी बाजू तिसऱ्या लेण्यांत दिसते. गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षाच्या आज्ञेंत म्हटलें आहे कीं, कखडी गांवांत पूर्वीं दिलेलें शेत कसलें जात नाहीं व गांवांत वस्तीहि नाहीं. सबब नगराच्या शिवेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें द्यावीं. राजानें दिलेली भूमिहि कुळावांचून निष्फळ ठरते, याची ही राजाचीच कबुली होय.

आतां मुख्य मुद्दा. उषवदाताची ठेव निगमसभेंत ऐकवून रीतीप्रमाणें फलकावर नोंदली, असें लेख सांगतो. ते फलक आज नाहींत. दात्यानें तोच मजकूर खडकावर कोरविला म्हणून हा हिशेब आपणांस लागला. विणकरांचें स्वतःचें दप्तर गेलें तें गेलेंच.

जुने रुमाल सोडतांना मोडी हिशेबाच्या वह्या रद्दींत टाकल्या जातात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, शिक्क्याचा कागद जसा जपतां, तशी घाण्याची व मागाची वहीहि जपावी. ती खडकावर कोरून ठेवणारा कोणी नाहीं.