गडाचं काम

परवा नातू आला होता. त्याला आमच्या नाटे गावातला यशवंतगड दाखवायला नेलं. जांभ्याचे बुरूज बघून तो म्हणाला, "आजोबा, इथे राजा राहायचा?"

म्हटलं, "नाही रे, हा राखणदार. जैतापूरच्या खाडीतून राजापूरला जाणाऱ्या गलबतांवर इथून नजर असायची."

राजापूरला इंग्रजांची वखार होती. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले. महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर चालून जाऊन वखार लुटली, इंग्रजांना कैद केलं. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापार ओसरला. १८८० च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की जुन्या इंग्रज वखारीत तेव्हा सरकारी कचेरी होती.

वखारीला निदान दुसरं काम मिळालं. आमच्या गडाला ते कुणी दिलंच नाही. तटात झाडांची मुळं तेवढी वाढत राहिली.

दुसऱ्यांना कशाला बोल लावू? मी तीस वर्षं वर्गात पानिपत शिकवलं, पण हाकेच्या अंतरावरचा हा गड एकदाही मुलांना दाखवला नाही. इतिहास शिकवायचं काम तरी त्याला देता आलं असतं.