प्रत्यावर्ती प्रवाहाने होणारे विद्युत् विच्छेदन

ठराविक काळाने दिशा बदलणारा प्रवाह विद्युत् विच्छेद्य द्रवातून जाऊ दिल्यास विद्युत् अग्रांवर घडणारी रासायनिक विक्रिया. एकदिश प्रवाहात धनाग्र व ऋणाग्र कायम असतात. येथे ती भूमिका सतत पालटते. 50 हर्ट्‌झ कंप्रतेच्या प्रवाहात प्रत्येक अर्धचक्र 10 मिलिसेकंदांचे असते.

तत्त्व : धातू व द्रव यांच्या सीमेवर विद्युत् भाराचा दुहेरी थर तयार होतो. तो धारित्रासारखा वागतो. त्याची धारकता दर चौ.सेंमी.स 20 मायक्रोफॅरड धरली, तर विद्युत् दाब 1 व्होल्टने बदलण्यास 20 मायक्रोकुलोंब भार पुरतो. म्हणजे 10 मिलिसेकंदांत सरासरी 2 मिलिअँपिअर प्रवाह केवळ थर भरण्यातच खर्च होतो. प्रवाहघनता याहून बरीच जास्त असेल किंवा कंप्रता कमी असेल, तरच विच्छेदन लक्षणीय होते.

परिणाम : मोरचुदाच्या विद्रावात तांब्याची अग्रे असल्यास एका अर्धचक्रात विरघळलेले तांबे पुढच्या अर्धचक्रात बहुतांशी पुन्हा निक्षेपित होते. विरल सल्फ्यूरिक अम्लात प्लॅटिनमची अग्रे असल्यास मात्र बुडबुड्यांच्या रूपाने निसटलेला वायू परत येत नाही. एकाच अग्रावर हायड्रोजन व ऑक्सिजन दोन्ही निघतात आणि त्यांचे मिश्रण स्फोटक असते. म्हणून हे वायू वेगवेगळे मिळविण्यास ही पद्धत निरुपयोगी आहे. विक्रिया किती प्रमाणात उलटू शकते, यावरच निव्वळ फळ ठरते.

उपयोग : जर्मन भौतिकीविज्ञ फ्रीड्रिख कोलराउश (1840–1910) यांनी विद्रावांची संवाहकता मोजण्यासाठी प्रत्यावर्ती प्रवाह वापरला. अग्रांवर विक्रियाजन्य पदार्थ साचून होणारी चूक त्यामुळे टळली. संवाहकतामापकांत हेच तत्त्व आजही वापरतात. ऑफसेट छपाईच्या ॲल्युमिनियम पत्र्यांचा पृष्ठभाग नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक अम्लात या प्रवाहाने सूक्ष्म खळग्यांचा व पाणी धरून ठेवणारा केला जातो. ॲनोडीकरण केलेल्या ॲल्युमिनियमच्या छिद्रांत कथिल किंवा निकेल निक्षेपित करून त्याला रंग देतात. सोन्याच्या शुद्धीकरणाच्या व्होलविल पद्धतीत एकदिश प्रवाहावर प्रत्यावर्ती प्रवाह अध्यारोपित करता येतो. त्यामुळे धनाग्रावरील सिल्व्हर क्लोराइडचा अडथळा कमी होतो.

धोके : उच्च दाबाच्या तारांना समांतर पुरलेल्या पोलादी नळांत प्रवर्तित झालेला प्रवाह, नळांवरील आवरणाला जेथे छिद्र असेल तेथून जमिनीत उतरतो आणि नळ गंजवतो. नळांना ऋणाग्री संरक्षण असूनही असे गंजणे आढळले आहे. घरगुती विजेच्या तारा थेट पाण्यात सोडून प्रयोग करणे प्राणघातक ठरू शकते.