प्रश्न काय आहे?

तर झालं असं की, दोन वर्षांपूर्वी मला पुन्हा शिकायची हुक्की आली. इंजिनिअरिंग होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, चाकणच्या एका प्लँटमध्ये ईआरपी सांभाळत होतो (अजूनही सांभाळतोय), ईएमआय वेळेवर जात होता. म्हटलं, आता अर्थशास्त्रात एम.ए. करून टाकू. घरबसल्या, शनिवार-रविवारी.

पहिलाच निबंध तीन हजार शब्दांचा होता. विषय औद्योगिकीकरण. मी पडलो पिंपरी-चिंचवडचा, मला काय कमी! हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरुवात केली, मग टेल्को, बजाज, भोसरीची एमआयडीसी आणि शेवटी चाकण. तक्ते टाकले, आलेख टाकले, 'अशा प्रकारे' म्हणून समारोप केला. स्वतःवरच खूश होतो.

पंधरा दिवसांनी निबंध परत आला. वर एका ओळीचा शेरा: 'माहिती भरपूर आहे. प्रश्न काय आहे?'

खरं सांगतो, मला शेराच कळला नाही. प्रश्न त्यांनी विचारायचा, मी उत्तर लिहायचं, अशीच आपली समजूत! शाळेत 'विज्ञान: शाप की वरदान' लिहिताना आधी शाप, मग वरदान आणि शेवटी 'ते आपल्यावरच अवलंबून आहे'. इंजिनिअरिंगच्या सेमिनार रिपोर्टमध्ये प्रस्तावना, फायदे, तोटे, उपयोग, निष्कर्ष. विषय ब्लूटूथ असो की बॉयलर, साचा तोच. आतला मजकूर कुठून यायचा ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. सोळा वर्षं शिकलो, पण एखादी गोष्ट पायरी-पायरीने सिद्ध करून दाखव असं कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

फी बुडाली असं समजून सोडून देणार होतो. कँटीनमध्ये तसं बोलूनही दाखवलं. समोर आमच्या क्वालिटीमधले एक सीनियर बसले होते, देहूरोडचे. ते म्हणाले, "अरे, बाबासाहेबांचा जातीवरचा पहिला निबंध वाचलायस का? पंचविसाव्या वर्षी लिहिलाय. क्लासमध्ये वाचायला." मी म्हटलं, नाही सर. ते हसले. "फोटो सगळ्यांनी बघितलाय," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी एक जाडजूड खंड टेबलावर आणून ठेवला. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेला, वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड. त्यातला पहिलाच लेख.

लाज वाटली. घटनेचे शिल्पकार, १४ एप्रिल, महाडचा सत्याग्रह, हे सगळं पाठ होतं. त्या माणसाचं एक अख्खं वाक्य मात्र कधी वाचलं नव्हतं.

तर त्या निबंधाची गोष्ट. १९१३ च्या जुलैमध्ये भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. तिथे त्यांनी किती विषय घेतले याची यादी बघून छाती दडपते. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, शिवाय तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. १९१५ मध्ये एम.ए. झाले. आणि ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी एक पेपर वाचला. 'भारतातील जाती: त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास', असं त्याच्या इंग्रजी नावाचं मराठी करता येईल. छापील वीसेक पानं. आज एखाद्या एम.ए.च्या मुलाला लिहायला सांगतात साधारण तेवढंच.

मी तो रविवारी सकाळी वाचायला घेतला आणि दुपारचं जेवण विसरलो.

पहिली गोष्ट म्हणजे विषय कापणे. जात हा केवढा प्रचंड विषय! लिहिणारा तर तिचे चटके खाऊन आलेला. साताऱ्याच्या शाळेत वेगळं बसावं लागलेला. त्याच्याकडे सांगण्यासारखं आयुष्यभराचं होतं. पण सुरुवातीलाच ते सांगून टाकतात की हा प्रश्न व्यवहारातही मोठा आहे आणि सिद्धांत म्हणूनही मोठा आहे. मी आज फक्त सिद्धांताचं बघणार आहे, आणि त्यातलंही फक्त जात कशी जन्मली, कशी चालते आणि कशी पसरली एवढंच. मी माझ्या तीन हजार शब्दांत पेनिसिलीनपासून पॅसेंजर कारपर्यंत सगळं कोंबलं होतं.

दुसरी गोष्ट, आधीच्या लोकांशी कसं भांडायचं. ते चार जणांच्या व्याख्या मांडतात: सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर. हे केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांनी अमेरिकेतच कॉर्नेल विद्यापीठात असताना जातीच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं होतं, १९०९ मध्ये छापलेलं. म्हणजे बघा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बसून दोन मराठी माणसं जात म्हणजे नेमकं काय याचा खल करत होती!

आंबेडकर कुणालाही मूर्ख ठरवत नाहीत. प्रत्येकाचं काय बरोबर आणि कुठे पाय घसरला ते सांगतात. सेनार विटाळावर भर देतात, पण विटाळाची कल्पना धर्मातून आली आहे, ती जातीचं मूळ लक्षण नाही. नेसफील्ड म्हणतात की जातीबाहेर जेवण बंद म्हणजे जात. आंबेडकर म्हणतात, हा तर परिणाम झाला. गट बंद झाला म्हणून पंगत बंद झाली. केतकरांना ते सगळ्यात जास्त मान देतात. केतकरांनी दोन लक्षणं दिली होती: जातीत जन्मलेलाच जातीचा, आणि जातीबाहेर लग्न करायचं नाही. आंबेडकर दाखवतात की ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्नच बंद केलं तर बाहेरचं मूल आत येणार कुठून? मग उरतं एकच लक्षण: जातीतच लग्न.

हे वाचताना मला एकदम शॉप फ्लोअर आठवला. चाकण-भोसरी पट्ट्यात ऑटो पार्ट्सच्या धंद्यात असाल तर एट-डी रिपोर्ट तुम्हाला माहीत असेल. गिऱ्हाईकाकडून खराब पार्टची तक्रार आली की हा रिपोर्ट भरावा लागतो: नेमका दोष काय, तात्पुरता उपाय काय, मूळ कारण काय, कायमचा उपाय काय. आमचे हेच सीनियर कुणी कारणाच्या रकान्यात 'बर आला होता' असं लिहिलं की कागद परत पाठवतात. बर हे लक्षण झालं. टूल झिजलं होतं का? का झिजलं? बदलायचं कुणी ठरवायचं होतं? नेसफील्डचं जे चुकलं, ते रोज आमच्याकडे चुकतं.

तिसरी गोष्ट म्हणजे निबंधाचा गाभा. एकदा 'जातीतच लग्न' हे मूळ धरलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो: हा नियम टिकवायचा कसा? गटात बायका आणि पुरुष साधारण सारखे हवेत. पण माणसं मरतात. नवरा आधी गेला तर एक बाई 'जास्तीची' उरते, बायको आधी गेली तर एक पुरुष. जास्तीची बाई बाहेर लग्न करेल, नाहीतर आत दुसरीचा वाटा घेईल. मग तिचं काय करायचं? एक तर तिला नवऱ्याबरोबर जाळायचं, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचं. पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे, गटाला हवा आहे. मग त्याला बायको द्यायची ती अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांमधून. म्हणजे बालविवाह.

सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. शाळेत आपण या 'अनिष्ट प्रथा' म्हणून एका ओळीत पाठ केल्या होत्या. इथे त्या एका यंत्राचे सुटे भाग म्हणून समोर येतात. त्यांचा पुढे जो गौरव झाला, तो प्रथा आधीच सुरू झाल्या होत्या म्हणून झाला, असं ते म्हणतात. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पूर्ण मांडणीत आवाज कुठेही चढलेला नाही, आणि म्हणूनच ती जास्त बोचते. एकही पायरी गाळलेली नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला पळायला वाटच नाही.

आणि शेवट? 'अशा प्रकारे' नाही. चार मुद्द्यांत आपलं म्हणणं परत मांडतात आणि सांगतात की हे अंतिम आहे असा माझा दावा नाही, चूक दाखवून दिलीत तर मी ते सोडून द्यायला तयार आहे. १९१७ मध्ये हा निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

आता तुम्ही म्हणाल, ते बाबासाहेब होते, त्यांना जमलं, आपलं काय? मलाही तेच वाटलं. म्हणून पुढचं वाचलं.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून परत यावं लागलं. मागून येणारी पुस्तकं जहाजाबरोबर बुडाली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजमध्ये शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये परत लंडन. १९२१ मध्ये एम.एस्सी. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध दिला, रुपयाच्या प्रश्नावर. आणि १९२३ च्या मार्चमध्ये तो प्रबंध अडकला! ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली असावी, असं म्हणतात. पुन्हा लिहून द्या, असं झालं. ते मुंबईला आले, प्रबंध पुन्हा लिहिला, ऑगस्टमध्ये पाठवला, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये पदवी मिळाली. निष्कर्ष तेच ठेवले.

त्याचं पुस्तक झालं त्याचं नाव बघा: 'रुपयाचा प्रश्न: त्याचं मूळ आणि त्यावरचा उपाय'. प्रश्न, मूळ कारण, उपाय. अख्खा एट-डी नावातच! पुस्तकाला प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची आहे, आणि तिच्यात कॅनन आपले मतभेद झाकत नाहीत. तरी ताजेपणाचं कौतुक करतात. मत पटत नसतानाही मांडणीला दाद द्यावी लागली, हे मला फार मोठं वाटतं. १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष द्यायला बसले तेव्हा हीच तयारी त्यांच्या हाताशी होती.

आणि तो सेमिनारचा पेपर? १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण मंडळाला पचलं नाही, परिषदच रद्द झाली, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते लिहितात की कोलंबियातला जुना निबंध यात मिसळून सगळं नव्याने लिहायची इच्छा होती, पण वेळ मिळाला नाही. अठ्ठावीस वर्षांनीही क्लासमधला तो पेपर त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. आपले सेमिनार रिपोर्ट स्पायरल बाइंडिंग सुटण्याआधीच विसरलेले असतात.

मी निबंध पुन्हा लिहिला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स गेलं, आलेख गेले. एकच प्रश्न ठेवला: भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्याला मोठ्या कंपनीचं काम वर्षानुवर्षं मिळतं, तरी त्याचं वर्कशॉप मोठं का होत नाही? आधी 'छोटं' म्हणजे काय ते ठरवायलाच दोन रविवार गेले. या वेळी शेरा आला: 'प्रश्न सापडला. दुसऱ्या भागात पुरावा कमी पडतो.' चालेल! तिसऱ्यांदा लिहितोय.

खंड परत द्यायला गेलो तर सर म्हणाले, ठेव, घरी अजून एक आहे. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली गेली. सरांच्या घरचे दरवर्षी त्या दिवशी तिथे जातात. मी आकुर्डीला राहतो, लोकलने पुढचंच स्टेशन, आणि इतक्या वर्षांत एकदाही उतरलो नव्हतो. या डिसेंबरला जाणार आहे. असो, आता झोपतो. उद्या सोमवार, साडेसहाची बस.