जायफळाची कॉफी

आमच्या वाईत उठल्याउठल्या कॉफी कुणी घेत नसे. तेव्हा चहा. कॉफी व्हायची ती मुलगी बघायला मंडळी आली की, कुणी तापातून उठलं की, नाहीतर रात्री मोठ्यांच्या गप्पा लांबल्या की. आई पातेल्यात दूध आणि थोडं पाणी ठेवायची, साखर आधीच टाकायची, मग चमचाभर पूड घालून दोन उकळ्या आणायची आणि गॅस बंद करून वर ताटली ठेवायची. पूड खाली बसली की फडक्यातून गाळायची. जायफळ शेवटी. सहाणेवर दुधाचे दोन थेंब आणि सात-आठ वळसे. "दहाच्या वर गेलीस तर पाहुणे इथंच झोपतील," म्हणायची.

आता गंमत बघा. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जपाला डोळा लागू नये म्हणून कॉफी पीत. ती फिरत फिरत आमच्याकडे आली आणि आम्ही ती निजायच्या आधी द्यायला लागलो! हे कसं जमलं, याचं मला पुष्कळ वर्षं कोडं होतं. उत्तर बहुधा डब्यात होतं. मुंबईत पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ मध्ये कॉफी दळून विकायला सुरुवात केली. तेच पुढचे पोल्सन. लोकांना लोणी आठवतं, पण धंदा उभा राहिला तो कॉफीवर, आणि त्या कॉफीत चिकरी असायची. चिकरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. रंग येतो, कडवटपणा येतो, दाटपणा येतो. कॅफिन मात्र अजिबात नाही. आजही कॉफी-चिकरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकरी कायद्याला चालते. असली पूड, चार कपांना एक चमचा, वर दुधाचा मारा. जागवायला त्यात उरणार काय? झोप यायची ती येतच असे, श्रेय जायफळानं लाटलं.

१९७४ ला लग्न होऊन मी मिरजेला आले. पुण्याकडून येणारा रूळ तोवर ब्रॉडगेज झाला होता, बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी गाडी अजून मीटरगेजवरच. तो रस्ता सदर्न मराठा रेल्वेनं १८८० च्या दशकात टाकलेला. माझ्या मते कॉफीची सीमा तिथंच आहे. मिरजेच्या खाली उतरलं की घराघरात कानडी येते आणि कानडीबरोबर फिल्टर. बाबा बुडन यांनी यात्रेहून येताना सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही गोष्ट सासूबाई घरातल्याच कुणा पूर्वजाची असावी तशा सांगत. उलट आमच्या सातारा जिल्ह्यात पाचगणीला सिल्व्हर ओक उदंड. कोडगूच्या मळ्यांत याच झाडाच्या सावलीत कॉफी वाढते. आमच्याकडे त्या सावलीत बोर्डिंगच्या शाळा वाढल्या.

पहिल्याच आठवड्यात मी कौतुकानं जायफळाची कॉफी केली. सासूबाईंनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला. "छान झालीय गं बासुंदी."

दुसऱ्या दिवशी पितळी फिल्टर माझ्या हातात आला. वरच्या भांड्यात मी पूड भरली आणि चांगली कडक व्हावी म्हणून चमच्यानं दाबून थापली. वरून उकळतं पाणी. सकाळी खालच्या भांड्यात एक थेंब नव्हता. "पूड थापायची नाही, नुसती बसवायची. आणि उकळी मोडल्यावर पाणी घालायचं, खळखळतं नाही." आधी दोन चमचे पाणी घालून पूड फुलू द्यायची, मग बाकीचं, कडेनं, हळू. वीस मिनिटांत काळंभोर डिकॉक्शन खाली. दूध वेगळं तापवायचं. डिकॉक्शन पुन्हा आचेवर ठेवलेलं त्यांना खपत नसे. वास उडतो, कडू तेवढं राहतं.

हल्ली कॉफीचे गुण सांगणारे फार झालेत. नियमित कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे विकार आणि मधुमेह कमी आढळतात, हे पुष्कळ पाहण्यांत दिसलंय खरं, पण म्हणून आमच्या दोन चमचे साखरेच्या कपानं त्यावर हक्क सांगू नये. आईची उकळलेली पद्धत कोलेस्टेरॉलला बरी नव्हे. उकळताना कॉफीतले तेलकट अंश उतरतात, कागदी गाळणीत ते अडकतात. जाळीच्या पितळी फिल्टरमधून बरेचसे निसटतात, हे सासूबाईंना सांगायची माझी छाती नव्हती. जेवणावर लगेच कॉफी घेऊ नये, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हे मात्र घरातल्या सगळ्या बायकांना मी बजावून सांगते.

झोपेची तक्रार घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी दुपारी चारनंतर कॉफी बंद केली. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात म्हणे. मी मान हलवली. डब्यात चिकरीची पूड आणि अर्धं झिजलेलं जायफळ आहे, हे काही त्यांना सांगितलं नाही.