अल्पवयीन प्राण्यांचे शुद्धिहरण व त्याची देखरेख

शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या प्राण्याची नाडी, श्वसन, रक्तदाब, शरीराचे तापमान व भुलीची खोली यांवर सतत लक्ष ठेवणे, हे पशुवैद्यकीय शुद्धिहरणाचे अविभाज्य अंग आहे. प्राणी नवजात किंवा काही आठवड्यांचा असेल, तर या देखरेखीचे स्वरूपच पालटते. कुत्र्याची व मांजराची पिले पहिल्या दोन आठवड्यांपर्यंत नवजात आणि सामान्यतः बारा आठवड्यांपर्यंत अल्पवयीन मानतात. या वयात हृदय, फुप्फुसे, यकृत, वृक्क व तंत्रिका तंत्र यांची वाढ अपुरी असते. त्यामुळे प्रौढ प्राण्यांवरून बसविलेले आडाखे पिलांना लागू पडत नाहीत, आणि काही बाबतींत तर ते उलट दिशेने नेतात. ही गोष्ट ध्यानात येण्यास शुद्धिहरणाच्या शोधानंतर शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

बॉस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले व पुढच्याच वर्षी एडिंबरो येथे जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. दोन्ही द्रव्ये लवकरच घोडे व कुत्री यांच्यासाठीही वापरण्यात येऊ लागली. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीचा पायाच्या नखाच्या क्षुल्लक शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मने मृत्यू झाला आणि भूल दिलेल्या रुग्णाचे नेमके काय पाहावे, हा प्रश्न ऐरणीवर आला. एडिंबरोचे जेम्स साइम व त्यांचे अनुयायी श्वसनावर लक्ष ठेवावे असे शिकवीत. लंडनमध्ये जोसेफ क्लोव्हर यांच्यासारखे तज्ञ नाडीवरील बोट काढीत नसत. हा वाद दीर्घकाळ चालला. त्याचा निकाल लावण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न भारतात व्हावा, हा या इतिहासातील एक लक्षणीय योग होय.

हैदराबाद संस्थानातील शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी हे साइम यांचे शिष्य होते. निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ मध्ये पहिले व १८८९ मध्ये दुसरे क्लोरोफॉर्म आयोग भरविण्यात आले. दुसऱ्या आयोगासाठी निजामांनी एक हजार पौंड देऊ केले व द लॅन्सेट या नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना लंडनहून पाठविले. हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयात शिकलेल्या आणि पुढे शुद्धिहरणतज्ञ म्हणून नावाजलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांचाही या प्रयोगांत सहभाग होता. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे व ससे मिळून चारशेंहून अधिक प्राण्यांना क्लोरोफॉर्म देऊन पाहण्यात आले. प्राण्याचे श्वसन आधी थांबते व हृदय नंतर. म्हणून केवळ श्वसनाकडे लक्ष द्यावे, नाडीकडे पाहण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. हा निष्कर्ष उतावळा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले, की हलक्या क्लोरोफॉर्म भुलीत ॲड्रेनॅलिनाच्या प्रभावाने निलयांचे आकुंचन विस्कळीत होऊन श्वसन चालू असतानाही हृदय एकाएकी बंद पडू शकते. प्राण्यांची संख्या मोठी असली, तरी आयोगाने विचारलेला प्रश्न अरुंद होता. शिवाय प्राण्याच्या वयाने उत्तर बदलेल, ही शंका या वादात कोणत्याच पक्षाच्या गणतीत नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेचे आर्थर ग्वेडेल यांनी ईथर भुलीच्या अवस्थांचे कोष्टक तयार केले व ते १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. श्वसनाची लय, नेत्रगोलाची हालचाल, बाहुलीचा आकार व पापणीची प्रतिक्षिप्त क्रिया यांवरून भूल किती खोल आहे हे त्यावरून ठरविता येई. पशुवैद्यांनी थोड्याफार फरकाने हीच लक्षणे स्वीकारली. कुत्र्याचा नेत्रगोल मध्यम खोलीच्या भुलीत खाली वळतो व भूल फार खोल झाली की पुन्हा मध्यावर येतो, हे आजही शिकविले जाते. परंतु कुत्र्याच्या पिलाचे डोळे जन्मानंतर दहा ते चौदा दिवस मिटलेलेच असतात. या पिलांत सगळी नेत्रलक्षणे निरुपयोगी ठरतात. जबड्याच्या स्नायूंचा ताण हे दुसरे विश्वसनीय लक्षण; तेही पिलांत मुळातच शिथिल असल्याने फसवे असते. अशा रीतीने प्रौढ प्राण्याच्या देखरेखीतील दोन प्रमुख खुणा पिलाच्या बाबतीत आरंभीच हातच्या जातात व मागे उरते ते हृदय.

नवजात पिलाच्या हृदयाच्या स्नायूत आकुंचनशील तंतूंचे प्रमाण प्रौढाच्या मानाने बरेच कमी असते व निलयांच्या भित्ती ताठर असतात. दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त त्यामुळे फारसे वाढू शकत नाही. रक्ताभिसरण वाढवावयाचे तर ठोक्यांची संख्याच वाढावी लागते. निरोगी नवजात पिलाच्या हृदयाचे ठोके मिनिटास दोनशेंच्या घरात असतात. मोठ्या कुत्र्यात मिनिटास १२० ठोके हे चिंतेचे कारण नसते, पण चार दिवसांच्या पिलात तोच आकडा धोक्याची सूचना होय. अनुकंपी तंत्रिकांची वाढ अपुरी असल्यामुळे रक्तदाब सावरण्याची शक्तीही थोडी असते. एक महिन्याच्या पिलाचा सरासरी रोहिणी-रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे ५० मिमी. इतकाच असतो. प्रौढ कुत्र्यात हा आकडा तातडीने उपाय करण्याचा मानला जातो.

ऑक्सिजन कमी पडला की प्रौढ प्राण्याचे हृदय प्रथम वेगाने चालू लागते. नवजात पिलाचे मात्र मंदावते. प्रौढात हृदय मंदावले की ॲट्रोपीन टोचण्याचा प्रघात आहे. सुमारे दोन आठवड्यांपर्यंतच्या पिलात ऑक्सिजनच्या अभावामुळे येणारी मंदगती प्राणेशा तंत्रिकेमुळे नसते, म्हणून तेथे ॲट्रोपिनाचा उपयोग होत नाही. फुप्फुसांत ऑक्सिजन पोहोचविणे हाच उपाय असतो. दर किग्रॅ. वजनामागे पिलाला प्रौढाच्या दोन ते तीन पट ऑक्सिजन लागतो, त्यामुळे या उपायासाठी मिळणारा अवधी अल्प असतो. साइम यांचे श्वसन आणि क्लोव्हर यांची नाडी यांत निवड करण्याचा प्रश्नच येथे उरत नाही : पिलाची नाडी हेच त्याच्या श्वसनाचे मापक होते.

अल्पवयीन प्राण्यांसाठी उपयोगी पडलेली साधने बहुतेक मानवी अर्भकांच्या चिकित्सेतून आली. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील फिलिप एअर यांनी १९३७ मध्ये दुभंगलेले ओठ व टाळू असलेल्या अर्भकांसाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची साधी नळी योजली. स्वतः एअर हेही हेच व्यंग घेऊन जन्मले होते. तोपर्यंतच्या उपकरणांतील झडपा व रुंद नळ्या यांमुळे अर्भकाला स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा घ्यावा लागे. एअर यांच्या नळीत झडप नव्हती व वाया जाणारी जागाही अत्यल्प होती. १९५० मध्ये लिव्हरपूल येथील गॉर्डन जॅक्सन रीस यांनी तिला रबरी पिशवी जोडली. मांजरे व लहान पिले यांच्या शुद्धिहरणात ही नळी पुढे सर्रास वापरली जाऊ लागली. अर्ध्या किग्रॅ. वजनाचे मांजराचे पिलू एका श्वासात अवघी पाच ते सात मिलि. हवा घेते, हे लक्षात घेतले म्हणजे चमचाभर निरुपयोगी जागेचेही महत्त्व कळते.

विद्युत् उपकरणांच्या युगातही हीच अडचण वेगळ्या रूपात पुढे आली. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालणारा नाडी-ऑक्सिमापक जिभेला चिमटा लावून रक्तातील ऑक्सिजनाची संपृक्तता दाखवितो. पिलाची जीभ इतकी पातळ असते, की चिमट्याच्या दाबाने तीतील रक्तच बाजूला सरते व आकडा चुकतो. उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारी यंत्रे नमुन्यासाठी मिनिटास ५० ते २०० मिलि. वायू ओढून घेतात; एवढ्याशा श्वासात ताजा वायू मिसळून मापन खऱ्यापेक्षा कमी येते. आंदोलनांवरून रक्तदाब मोजणारी स्वयंचलित यंत्रे वेगवान नाडी व कमी दाब असेल तेथे अडखळतात. त्या मानाने डॉप्लर तत्त्वावरील श्राव्यातीत ध्वनीचे लहानसे उपकरण पिलांसाठी अधिक भरवशाचे ठरले. पंजाच्या रोहिणीवर किंवा थेट छातीवर ते ठेवले, की प्रत्येक ठोका कानांना ऐकू येतो आणि गती मंदावू लागल्याचे आकड्याआधी कानाला कळते. अन्ननलिकेत सोडावयाचा स्टेथॉस्कोप हा त्याहून जुना व स्वस्त उपाय असून साध्या रुग्णालयातही तो सहज वापरता येतो.

आणखी तीन गोष्टींची नोंद पिलांत आवर्जून ठेवावी लागते : तापमान, रक्तशर्करा व रक्तस्राव. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे, त्वचेखालील चरबी थोडी व पहिल्या आठवड्यात कापरे भरण्याची क्रियाही विकसित झालेली नसते. त्यामुळे थंड मेजावर पिलाचे तापमान झपाट्याने उतरते, हृदय मंदावते व औषधांचा निचरा लांबतो. यकृतातील ग्लायकोजेनाचा साठा तुटपुंजा असल्याने प्रौढांप्रमाणे रात्रभर उपाशी ठेवणे घातक होय. रक्ताचे एकूण प्रमाण वजनाच्या सुमारे आठ टक्के धरले, तर अर्धा किग्रॅ. वजनाच्या पिलात ते ४० मिलि. भरते. एक कापडी बोळा भिजण्याइतके, म्हणजे चार मिलि. रक्त गेले तरी तो दहावा हिस्सा होतो. म्हणून असे बोळे वजन करून मोजतात.

मात्र देखरेख करावयाची तर आधी भूल द्यावी लागते आणि पिलांना ती द्यावीच कशाला, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. नवजाताचे तंत्रिका तंत्र अपक्व असल्याने त्याला वेदना होत नाहीत, अशी ही समजूत होती. ब्रिटनच्या १९५४ च्या कायद्याने प्राण्यांवरील शस्त्रक्रियांत भूल सक्तीची केली. पण डोळे उघडण्यापूर्वी कुत्र्याच्या पिलाचे शेपूट छाटण्यास त्यातून सूट दिली. भारताच्या १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमातही गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे व वेसण घालणे ही कृत्ये विहित रीतीने केल्यास क्रूरतेच्या व्याख्येतून वगळण्यात आली. मानवी अर्भकांविषयीचा समज १९८७ मध्ये ढासळला. भारतीय वंशाचे बालरोगतज्ञ के. जे. एस. आनंद व त्यांचे सहकारी यांनी ऑक्सफर्ड येथे दाखवून दिले, की अकाली जन्मलेल्या अर्भकांना हृदयाजवळील शस्त्रक्रियेत फेंटॅनिल हे वेदनाशामक दिल्यास शरीरावरील ताण व नंतरचे उपद्रव लक्षणीय कमी होतात. प्राण्यांच्या बाबतीत न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठात कोकरांना हॅलोथेनाची हलकी भूल देऊन खच्चीकरणाच्या वेळी त्यांच्या मेंदूचे विद्युत् आलेख घेण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या काही दिवसांत मेंदूचा प्रतिसाद क्षीण, परंतु वयाबरोबर वाढत जाणारा आढळला. क्षीण प्रतिसाद म्हणजे वेदनेचा अभाव, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. वासरांच्या शिंगांच्या कळ्या डागण्यापूर्वी शृंगतंत्रिकेजवळ लिग्नोकेन टोचणे ही सोपी व स्वस्त पद्धत आहे. करडांत मात्र या औषधाची सुरक्षित मात्रा फार लहान असल्याने ते वजनानुसार काटेकोर मोजावे लागते.

अमेरिकेत बेवारस प्राण्यांच्या आश्रयस्थानांतून सहा ते चौदा आठवड्यांच्या पिलांचे निर्बीजीकरण सुरू झाल्यावर या वयातील शुद्धिहरणाचा अनुभव वेगाने वाढला. बॉस्टन येथील फॅगेला व ॲरनसन यांनी १९९३ व १९९४ मध्ये मांजरांच्या व कुत्र्यांच्या पिलांसाठी योग्य औषधपद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. १९९५ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकीय शुद्धिहरणतज्ञांच्या महाविद्यालयाने देखरेखीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम जाहीर केली व २००९ मध्ये ती सुधारली. त्याच वर्षी इटलीतील व्हेरोनेसी व सहकाऱ्यांनी, शुद्धिहरणतज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांची १९५३ ची अर्भकांसाठीची गुणांकन पद्धत कुत्र्याच्या नवजात पिलांसाठी बेतली. सिझेरियन शस्त्रक्रियेने जन्मलेली पिले आईला दिलेल्या भुलीचा अंश घेऊनच बाहेर येतात, त्यामुळे तेथे ती विशेष उपयोगी पडते. हृदयगती, श्वसन, प्रतिक्षिप्त क्रिया, हालचाल व श्लेष्मल त्वचेचा रंग यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. त्यांत पूर्ण गुणांसाठी हृदयगती मिनिटास २२० च्या वर असावी लागते.

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ब्रॉडबेल्ट व सहकाऱ्यांनी सुमारे ९८ हजार कुत्री व ७९ हजार मांजरे यांच्या शुद्धिहरणाची पाहणी केली. मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांत ०·१७ व मांजरांत ०·२४ टक्के आढळले. अल्प वजनाच्या प्राण्यांत धोका अधिक होता. मांजरांत नाडी व ऑक्सिमापक यांवर लक्ष ठेवले असता तो कमी झाल्याचे दिसले. मृत मांजरांपैकी साठ टक्क्यांहून अधिक शस्त्रक्रिया संपल्यानंतर, बहुधा पहिल्या तीन तासांत, दगावली होती. तोवर यंत्रे काढून घेतलेली असतात व लक्षही दुसरीकडे गेलेले असते. पिलांच्या बाबतीत म्हणून देखरेखीचा काळ टाके घालण्यापाशी संपत नाही. तापमान पूर्ववत होईपर्यंत ऊब व ऑक्सिजन चालू ठेवतात, रक्तशर्करा पुन्हा तपासतात, आणि पिलू डोके सावरून चोखू लागले म्हणजे त्याला आईजवळ देतात.