नेवारांचा विवाहविधि व फणी

नेपाळच्या खोऱ्यांतील नेवार लोकांच्या मंगलकार्यांत सिंदुराचा करंडा व धातूचा आरसा ही जोडी हटकून आढळते. पहिल्यास ते 'सिन्हमू' व दुसऱ्यास 'ज्वलान्हाय्कं' म्हणतात. या वस्तु संग्राहकांच्या कपाटांत पुष्कळ आल्या. त्यांची सोबतीण जी फणी, तिजकडे मात्र फारसें लक्ष गेलें नाहीं. लाकडाशिंगाची वस्तु, दांते मोडले कीं टाकून द्यावयाची!

वस्तुतः विधींत तिचें स्थान गौण नाहीं. विवाहांत 'सँ प्याकेगु' नांवाचा विधि असून त्यांत वर वधूचे केंस विंचरतो, भांग पाडतो व सिंदूर भरतो. आधीं फणी, मग सिंदूर. ही वधू बाळपणीं 'इही' संस्कारांत बेलफळाशीं विवाहबद्ध झालेली असते, हेंहि येथें ध्यानांत घ्यावें. आमच्याकडील सौभाग्यवाणांतील करंडा-फणी कोणासहि आठवेल. पण तेवढ्यावरून दोन्ही चालींचें मूळ एक म्हणणें उतावीळपणाचें होईल.

शब्दाची गोष्ट निराळी. नेवारींत फणीस 'ककिचा' म्हणतात. ही भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळांतील. तींत 'चा' हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. राहिलेला 'ककि' हा आमच्या मतें संस्कृत 'कंकतिके'चा अवशेष असावा. आपला 'कंगवा' त्याच घराण्यांतला. 'कंकतिका' अमरकोशाच्या मनुष्यवर्गांत येते, व त्या कोशावर नेपाळ संवत् ५०६ (इ. स. १३८६) मधील नेवारी टीका आहे. तिच्या प्रती ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तें पान काढून तेथील पाठ आम्हांस कळवावा.